हमीदच्या गाडीची वाकळ

धुरपते,

तू गेल्यावर जलदानाच्या दिवशी दुकानासमोरच मांडव घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. एकानं सांगितलं, बाई लई सोशिक. दुसऱ्यानं सांगितलं, नवऱ्यापुढं कधी आवाज चढवला नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा रडून राहिला. मी हसू दाबून राहिलो होतो. आवाज चढवला नाही म्हणे! तुझा गळाच बसला होता, चढवतीस काय? त्याच्या आधीची धुरपता ह्यांना ठाऊक नाही. गळा धड होता तेव्हा तू दुकानातून हाक मारली की औंढ्याच्या रोडवरचे बैल थांबायचे.

मग मला उठवलं. मी उभा राहिलो, समोर बघितलं अन् खाली बसलो. चार माणसांत बोलायला मला कधीच आलं नाही, ते काम तू करायचीस. शाळाही चारच यत्ता, त्यातली अर्धी निजामाच्या उर्दूत. तरी लिहून राहिलो. चुकलं तर चुकलं. कोणी वाचणार असंल तर वाचावं, पण बोलणं तुझ्याशी हाय.

आपलं काम गाड्यांच्या गाद्यांचं. उस्तादाकडं मी टांग्याच्या गाद्या भरायला शिकलो, पुढं टांगे गेले अन् मोटारी आल्या. मी कापायचं, खिळे ठोकायचे, स्प्रिंगा बसवायच्या. तू मशीनवर बसायचीस. गल्लीतल्या बायांना वाकळी शिवून देणारी बाई रेक्झिन शिवायला लागली तेव्हा लोक हसले. चार सुया मोडल्यास, मग एकही मोडली नाही. वसमतमध्ये ज्यांनी ज्यांनी गाडीत बूड टेकलं त्यांनी तुझ्या शिवणीवर टेकलं, एवढं मांडवात कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. कोणी सांगितलं नाही.

गळ्याची तकलीफ सुरू झाली तेव्हा आपण थट्टाच केली. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाईंनी कमी बोलावं. मी म्हणलं, साहेब, हे लग्नाच्या वेळी सांगणारा कोणी भेटला असता तर बरं झालं असतं. डॉक्टर हसले. तू हसली नाहीस. बाहेर आल्यावर पायरीवर मला कोपरानं असं ढोसलंस की बरगडी दोन दिवस दुखली.

पण आवाज उतरतच गेला. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा. डॉक्टरांना विचारलं, किती राहील? ते म्हणाले, सांगता येत न्हाई. तेव्हापासून मला दुसऱ्या कशाची भीती वाटली नाही. जेवढा आवाज राहिला होता तेवढा मला पाहिजे होता, सगळा. अन् तो मला ऐकूच येईना. दुकानात हातोडी अन् मशीन, रोडवर ट्रका, घरी शेजाऱ्यांचा रेडिओ. तू म्हणायचीस, "आवं, तुमचे कान गेलेत. जन्मभर पत्र्यावर ठोकून राहिलात." मी म्हणायचो, "माझे कान बराबर हायत, तुझा गळा फाटलाय." हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही.

सगळ्यात वाईट हमीदची गाडी. शेजारचा माणूस, रोज नांदेडच्या फेऱ्या मारतो, म्हणून आपण त्याच्याच टॅक्सीत जायचो. परभणीहून घेतलेली जुनी मोटार, अन् दुष्काळात फोडलेल्या खडीचा रस्ता. खाली खडी वाजायची, वर टप वाजायचा, दारं तर वेगळीच वाजायची. तू माझ्या कानाला तोंड लावून काही सांगायचीस, मी म्हणायचो काय? पुन्हा सांगायचीस, पुन्हा मी म्हणायचो काय? मग तू हात झटकून खिडकीकडं तोंड करायचीस ते थेट नांदेडजवळच्या आसना नदीच्या पुलापर्यंत. दवाखान्याचं मला काही वाटायचं नाही, धुरपते. तुझं ते खिडकीकडं तोंड करणं मला सहन व्हायचं नाही. मला वाटायचं, ही आता अशीच बोलणं सोडून देईल. थकून.

तू सोडून देणारी नव्हतीस. एकदा परत आलो, हमीद चहा प्यायला गेला अन् तू गाडीचं दार उघडून खालचं रबर वर उचललंस. पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवलंस. टण्ण. मग दुसऱ्या हाताचा तळवा पत्र्यावर ठेवलास अन् पुन्हा वाजवलंस. ठप्.

"बगा," म्हणलीस. "हात ठेवला की गप बसतंय."

"मग?"

"मग सगळ्या गाडीवर हात ठेवायचा."

मी म्हणलं, बाई, तुला दोनच हात हायत. तू म्हणलीस, "तुमचे दोन कुठं गेले?"

आधी मी माझ्या उस्तादाच्या पद्धतीनं केलं. डांबर लावून गोणपाट चिकटवलं, त्यावर काथ्याचा थर, वर रबर. आवाज थोडा बसला. मी तुझ्याकडं मोठ्या ऐटीत बघितलं. पाऊस लागला तसं खालून पाणी चढलं, गोणपाट भिजलं, काथ्या कुजला. हमीद गाडी घेऊन दारात उभा.

"मिस्त्री, खरं सांगा. माझ्या गाडीत काय पुरलंय?"

"काहून?"

"पाशिंजर नाकाला रुमाल लावून बसून राहिले. कुरुंद्याचे हळदवाले मधेच उतरले. म्हणाले, चालत जाऊ पण ह्यात न्हाई."

सगळं उपटून काढलं. घमेल्यात भरून फेकलं तेव्हा कुत्रीपण जवळ आली नाहीत. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, चला, सुटलो. पण तू बोलली नाहीस म्हणजे डोक्यात काहीतरी शिजून राहिलंय, हे एवढ्या संसारात मला कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी तू बाजारातून डोक्यावर बोचकं घेऊन आलीस. मी विचारलं, काय? तू बोचकं सोडलंस. टेरिलिनच्या चिंध्या. बुशशर्टाच्या, पँटीच्या, निळ्या, तपकिरी, चौकड्याच्या. त्या वर्षांत जो तो टेरिलिन घालून हिंडत होता अन् शिंप्यांच्या दुकानात ह्या चिंध्यांचे ढीग साचले होते. सुती चिंधीला शंभर कामं, दिव्याची वात कर, भांडं पूस, लेकराखाली घाल. टेरिलिनच्या चिंधीला कोणी विचारत नव्हतं. वात केली तर वितळते, फरशी पुसली तर पाणी नुसतं इकडून तिकडं सरकतं. वाकळीत घालायलाही बाया नको म्हणायच्या, घाम पीत नाही म्हणून.

"हे कशाला आणलं? हे पाणीच पीत न्हाई," मी म्हणलं.

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मी काय बोललो ते मला कळेपर्यंत बघत राहिलीस. पाणी पीत नाही तर कुजणारही नाही. हे मी बोललो, पण अक्कल तुझी होती.

नुसत्या चिंध्या अंथरून उपयोग नव्हता, त्या दगडासारख्या बसतात. त्या फुगवायला पाहिजेत. तू मौलाभाई पिंजाऱ्याकडं गेलीस, मी मागं मागं. चिंध्या आधी बारीक फाडून, धागे सुटे करून नेल्या होत्या, त्याच्यात आपल्या दोघांच्या बोटांची सालं गेली होती. मौलाभाईनं मूठभर हातात घेतलं, नाकाला लावलं.

"हा कापूस न्हाई, बाई."

तू मान हलवलीस.

"लोकर बी न्हाई."

मान हलवलीस.

"मग हे कोणत्या जनावराचं हाय?"

मी म्हणलं, "मौलाभाई, हे मुंबईच्या गिरणीचं जनावर हाय. पिंजून बघा."

पिंजायला लागला. पहिल्यांदा सगळं कमानीच्या तातीला गुंडाळलं, दुसऱ्यांदा उडून त्याच्या दाढीत बसलं. त्याच्या अंगावर निळे तपकिरी केस उगवले. तुझ्या गळ्यातून आवाज निघत नव्हता, तरी खांदे हलून राहिले होते, डोळ्याला पदर लावला होतास. मौलाभाई म्हणाला, "हसा, भाबी, हसा. कयामतच्या दिवशी मला विचारतील, काय पिंजलंस? मी काय सांगू, प्यांटी?" पण त्यानं पिंजलं. हळूहळू, तात सैल करून. संध्याकाळपर्यंत ढगासारखा ढीग झाला, मळक्या रंगाचा. मजुरी घेताना म्हणाला, पुन्हा आणू नका. दोन महिन्यांनी स्वतःच विचारायला आला, भाबी, ते जनावर हाय का अजून?

मग तू वाकळ शिवलीस. खाली जाड टेरिलिनचा थर, मधे हा पिंजलेला माल, वर पुन्हा कापड. अन् तू ती अशी शिवलीस जशी आपल्या लेकीच्या, शेवंताच्या लग्नात शिवली होतीस, गव्हाच्या दाण्याएवढा टाका, दाण्याला दाणा लागून. चांगल्या वाकळीची हीच पारख, टाका जितका जवळ तितकी बाई हुशार. शेजारच्या बाया येऊन बोट फिरवून गेल्या. म्हणाल्या, धुरपताबाई, ही मोटारीत घालू नका, लेकीला द्या. तू फुगलीस. आपण ती गाडीत खाली अंथरली, दारांत ठोकली. हमीदनं गाडी काढली अन् औंढ्याच्या रोडवर नेऊन आणली.

काही नाही. होता तेवढाच आवाज.

तू गाडीतून उतरलीस अन् दुकानात जाऊन मशीनवर बसलीस. मशीन चालवली नाहीस. मी जवळ आलो, म्हणलं, जाऊ दे, आपण काय गाडीचे विंजिनेर हाव का? तू वाकळीचा एक कोपरा हातात धरला होतास. अंगठ्यानं दाबत होतीस. म्हणलीस, "चापून बसलीय." मला पहिल्यांदा ऐकू नाही आलं. तू माझा हात ओढून त्या कोपऱ्यावर ठेवलास. खरंच. त्या टाक्यांनी सगळा ढग दाबून पापड करून टाकला होता. आवाज मुरायला आत जागाच राहिली नव्हती. तुझ्या हुशारीनंच ती वाकळ बिघडवली होती, अन् ते तुझं तुलाच कळलं.

तू ती उसवलीस. सगळी. शेजारच्या बाया दारातून बघून हळहळल्या. एकजण म्हणाली, "बाईचं डोस्कं फिरलं गळ्याच्या दुखण्यानं." तू पुन्हा शिवलीस, वीतभर अंतराचे ढिल्ले टाके. एखाद्या नवख्या पोरीनं घालावेत तसे. बायांनी बघितलं अन् तोंडाला पदर लावला. तुला ते लागलं, मला दिसत होतं. टाका जवळ घालायची तुझ्या बोटांना सवय, तू प्रत्येक टाक्याला बोट आवरून धरत होतीस. आता सांगतो. आपल्या जन्मात तू शिवलेल्यांत ती सगळ्यात देखणी वाकळ होती, अन् मी रोज माझ्या हातानं ठोकलेल्या गाद्यांपेक्षा तिचा मला जास्त गर्व वाटतो.

टपावरून मात्र आपलं वाजलं. मी म्हणलं, टपाला आतून रेक्झिन लावू. चमकतं, पुसता येतं, गिऱ्हाइकाला आवडतं. तू म्हणलीस न्हाई, विरळ विणीचं नायलॉनचं कापड. मी म्हणलं, त्याच्यात धूळ बसंल. तू म्हणलीस, रेक्झिनचं तोंड बंद असतं, आवाज त्याच्यावर आपटून परत येतो. कापडाचं तोंड उघडं असतं, तो आत जातो अन् वाकळीत मरतो. मी म्हणलं, आवाज काय उंदीर हाय का? तीन दिवस आपण बोललो नाही. तसंही तुला बोलायला मनाई होती, पण ह्या न बोलण्याची चव वेगळी असते. शेवटी तोड काढली, टपाला तुझं कापड, दारांना माझं रेक्झिन. माझं अजूनही म्हणणं हाय की दारं चांगली दिसतात. तू असतीस तर म्हणली असतीस, दिसतात, पण वाजतात बी तीच. म्हण.

अन् मग ती फेरी. नांदेडला दवाखान्याची तारीख होती. गावाबाहेर पडलो, खडी लागली. मी सवयीनं अंग आखडून बसलो. खडखडाट आला, पण लांबून आला, जसा दुसऱ्याच्या शेतातला येतो. इंजिन पुढं कुठंतरी गुरगुरत होतं. अन् मला तुझ्या बांगड्या ऐकू आल्या. नंतर तुझा श्वास. नंतर तू म्हणलीस, "तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय."

एवढंच. मी "काय?" म्हणालो नाही. पुन्हा विचारलं नाही. मला आलं ऐकू, पहिल्या झटक्यात. मी खिडकीकडं तोंड केलं, ह्या वेळी मी, कारण डोळे पुसायचे होते.

हमीदनं मात्र महिन्याभरात तक्रार आणली. "मिस्त्री, भाबीनं माझी झोप उडवली. आधी गाडी बोंबलायची, आता पाशिंजर बोंबलतात. नवरा-बायको मागं बसून कुजबुजतात, त्यांना वाटतं मला ऐकू येत न्हाई. सगळं येतं! सासूचं येतं, भावकीचं येतं. परवा एकानं बायकोला सांगितलं, ह्या डायवरला चार आणे कमी देऊ. मी म्हणलं, देऊन बगा." तू त्याला हातानं खूण केलीस, कान बंद कर. तो म्हणाला, कानाला बी वाकळ शिवा. पण गाडी त्यानं कोणाला विकली नाही, अन् तुझ्या टपाला कोणाला हात लावू दिला नाही.

घरात तू गप्पच राहायला लागलीस. गळ्याला सांभाळून. सगळं बोलणं नांदेडच्या रोडसाठी राखून ठेवायचीस. इतर बाया दवाखान्याला जाताना भाकरी बांधून घेतात, तू बोलणं बांधून घ्यायचीस. रस्त्याला लागलो की सोडायचीस. शेवंताच्या सासूचं. मशीनच्या पट्ट्याचं. माझ्या आईनं तुला पहिल्या वर्षी काय म्हणलं होतं अन् मी तेव्हा काहून गप बसलो त्याचं. मी म्हणायचो, अगं, ते होऊन तीस वर्षं झाली. तू म्हणायचीस, "झाली तर झाली. मी काय विसरले का?" कधी रानातला हरभरा दाखवायचीस, कधी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती झोपायचीस. जन्मभर एका दुकानात, एका खोलीत राहिलो, पण एवढं बोललो नव्हतो. हातोडी अन् मशीनच्या मधे कोण कोणाशी बोलतं? हे तुझं देणं माझ्याकडं राहिलं, धुरपते. फेडायला तू जागा ठेवली नाहीस.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, आता आणायचं काम न्हाई, घरीच बरं. मी तुला काही सांगितलं नाही. तुला सांगायची गरज कधी होती? गाडीत बसल्यावर तू आधी हमीदच्या लेकराबाळांची विचारपूस केलीस. तुझा आवाज म्हणजे आता कापडावर कापड घासावं एवढाच राहिला होता. तरी त्या माणसाला पुढं बसून सगळं ऐकू गेलं. तो मान न वळवता उत्तरं देत होता, अन् एका हातानं डोळे पुसत होता.

आसना मागं पडली. तू माझा हात धरलास अन् म्हणलीस, "माझ्यामागं हट्ट्याला जाऊन राहा. शेवंताकडं. एकटं राहून दुकानात मरू नका."

मी म्हणलं, "काय?"

तू पुन्हा सांगितलंस. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. "हट्ट्याला. शेवंताकडं."

मी म्हणलं, "काय म्हणलीस? ऐकू न्हाई आलं."

तू माझ्याकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस! मग हसलीस. म्हणलीस, "ऐकू आलंय तुमाला. उगं मला बोलवून राहिलात." अन् डोळे मिटून घेतलेस. वसमत येईपर्यंत तसंच.

शेवंता आलीय. सामान बांधून दारात बसलीय. म्हणते, "बाबा, आईनं सांगितलं होतं का न्हाई तुमाला? खरं सांगा." मी तिला अजून उत्तर दिलं नाही. जाईन. तू सांगितलंस म्हणजे जाईन. दुकानाची किल्ली हमीदकडं देऊन जाईन, अन् त्याच्याच गाडीतून जाईन, त्यात कसं बसवेल माहीत नाही.

मला ऐकू आलं होतं, धुरपते. दोन्ही बारीला बराबर ऐकू आलं होतं. मला वाटलं, अजून एकदा म्हणशील.